अल्फा रोमिओ 164: जुन्या व्ही6 सलूनची देखभाल कोणत्या क्रमाने करावी

सप्टेंबर 1987 मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात अल्फा रोमिओने 164 ही मोठी सलून, म्हणजे वेगळी डिकी असलेली चार दरवाजांची गाडी, प्रथम लोकांसमोर आणली. त्याच्या आदल्याच वर्षी ही कंपनी फियाटच्या मालकीची झाली होती. साब 9000, लान्चिया थेमा आणि फियाट क्रोमा या तीन गाड्यांशी 164 चा सांगाडा समाईक होता, पण पिनिनफारिना या डिझाइन संस्थेच्या एन्रिको फुमिया यांनी रेखाटलेले तिचे बाह्यरूप पूर्णपणे स्वतंत्र होते. बाकीच्या तिघींचे दरवाजे एकमेकींशी जुळत, हिचे कोणाशीच जुळत नसत. मिलानजवळच्या आरेझे येथील कारखान्यात ती 1997 पर्यंत तयार होत होती. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सर्वांत तरुण 164 सुद्धा पंचविशी ओलांडून गेलेली आहे, आणि पुढे सांगितलेला कामांचा सगळा क्रम याच एका गोष्टीवरून ठरतो.

मी ब्रिटनमध्ये राहतो आणि माझ्याकडे 3 लिटर, 12 व्हॉल्व्हची व्ही6, म्हणजे दोन तिरक्या रांगांत सहा सिलिंडर असलेली, गाडी आहे. त्यामुळे हा लेख मुख्यतः त्या इंजिनाविषयी आहे. दोन लिटरच्या ट्विन स्पार्क (प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असलेल्या) इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवायला पट्ट्याऐवजी साखळी असते, आणि 1992 च्या अखेरीस आलेल्या 164 सुपरमधील 24 व्हॉल्व्हच्या व्ही6 ला टायमिंग जुळवण्यासाठी कॅमशाफ्ट जागच्या जागी पकडून ठेवणारी खास हत्यारे लागतात. फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे तो मी नमूद केला आहे.

बहुतेक नवे मालक सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात, असे माझे ठाम मत आहे. एसी नीट चालत नाही, मागची काच खाली जात नाही, डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले आहेत, अशा रोज डोळ्यांसमोर येणाऱ्या गोष्टींवर पहिले पैसे खर्च होतात आणि वय किती झाले याचा पत्ता नसलेला टायमिंग बेल्ट, म्हणजे कॅमशाफ्ट फिरवणारा दातेरी पट्टा, मात्र तसाच फिरत राहतो. गाडी घेतल्यावर इंजिन वाचवणारी कामे पहिली, आग आणि अपघात टाळणारी त्यांच्या लगोलग, आणि सोयीची सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. विक्रेत्याने पट्टा बदलल्याचे तोंडी सांगितले असेल, पण तारीख आणि किलोमीटर लिहिलेली पावती नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे.

पहिली पाहणी

पाने हातात घेण्यापूर्वी एक संपूर्ण सकाळ नुसते पाहण्यासाठी द्यावी. आदल्या रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी त्यावर कुठे, कोणत्या रंगाचे डाग पडले आहेत ते पाहावे. काळपट डाग इंजिन ऑइलचा, लालसर डाग स्टिअरिंगच्या किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा आणि गोडसर वासाचा हिरवा किंवा निळा डाग कूलंटचा असतो. मग बॉनेट उघडून थंड इंजिन सुरू करावे आणि पहिल्या मिनिटाचा आवाज काळजीपूर्वक ऐकावा. अल्फाचे अभियंता जुसेप्पे बुस्सो यांच्या या ॲल्युमिनियम इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगांमध्ये 60 अंशांचा कोन आहे आणि प्रत्येक रांगेला एकच कॅमशाफ्ट आहे. तो इन्टेक व्हॉल्व्ह थेट दाबतो, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंतची हालचाल आखूड पुशरॉड आणि रॉकरमार्फत पोहोचते. थंड असताना थोडी टकटक ऐकू येणे या रचनेत स्वाभाविक आहे. पण इंजिन तापल्यावरही एकाच बाजूने स्पष्ट टकटक येत राहिली, तर व्हॉल्व्हचे क्लिअरन्स (ठेवलेली बारीक फट) तपासून घ्यावे.

माझ्या वडिलांकडे पुण्यात प्रीमिअर पद्मिनी होती. ते दर रविवारी बॉनेट उघडून पाच मिनिटे काहीही न करता केवळ ऐकत उभे राहत. त्या फियाटमध्ये आणि या अल्फात यंत्र म्हणून फार अंतर आहे, तरी ही एक सवय मी जशीच्या तशी उचलली आणि तिने मला दोनदा मोठ्या खर्चातून वाचवले.

टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर

या इंजिनाचा पट्टा तुटला किंवा काही दात सरकला, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. दुरुस्तीचा खर्च सहज गाडीच्या किमतीएवढा होऊ शकतो. पट्टा किलोमीटरने झिजतो तसाच वर्षांनीही कडक होत जातो. मी स्वतः चार वर्षे किंवा 50,000 किलोमीटर, यांतले जे आधी येईल ते प्रमाण मानतो, आणि गाडी वर्षभर जवळजवळ उभीच राहिली म्हणून त्यात सवलत घेत नाही.

12 व्हॉल्व्हच्या इंजिनात पट्ट्याइतकाच धोका टेन्शनरचा, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या भागाचा, आहे. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये इंजिनच्याच ऑइलच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक टेन्शनर होता. त्याची आतली सील जुनी झाली की ऑइल पाझरते आणि थेट पट्ट्यावर पडते. ऑइलने भिजलेला रबर फुगतो, मऊ पडतो, आणि नवा पट्टाही फार काळ टिकत नाही. टायमिंगच्या कव्हरच्या खालच्या कडेला ओलसर काळा थर दिसला, तर गाडी चालवणे थांबवावे. आता या टेन्शनरऐवजी बसवता येणारा यांत्रिक टेन्शनर मिळतो. तो बसवताना जुन्या टेन्शनरकडे जाणारी ऑइलची वाट योग्य झाकणाने बंद करावी लागते. हा बदल करून घ्यावा, अशी माझी शिफारस आहे. मूळ भागच ठेवण्याचा आग्रह इथे महागात पडतो.

काम करताना इंजिन रात्रभर थंड झालेले असावे. बॅटरीची ऋण तार काढावी, पुढचे उजवे चाक उतरवावे आणि गाडी जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर घ्यावी. चाकामागचे प्लास्टिकचे अस्तर काढल्यावर क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीपर्यंत पोहोचता येते. बाहेरचे पट्टे आणि टायमिंगची कव्हरे काढावीत, आणि पुढच्या हालचाली सोप्या व्हाव्यात म्हणून स्पार्क प्लगही काढून ठेवावेत.

यानंतर दोन्ही कॅमशाफ्टवरची झाकणे उघडावीत, कारण टायमिंगच्या खुणा कॅमशाफ्टवर आणि त्यांच्या बेअरिंग कॅपवर आहेत; बाहेरच्या पुलीवर विसंबून राहणे पुरेसे नाही. क्रँकशाफ्ट नेहमी इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच हाताने फिरवून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फेरीत सर्वांत वरच्या टोकाला आणावा आणि क्रँकची खूण व दोन्ही कॅमशाफ्टच्या खुणा एकाच वेळी जुळतात याची खात्री करावी. त्या जुळत नसतील, तर आधी कोणीतरी पट्टा एक दात चुकवून बसवला आहे. ती चूक पुढे नेऊ नये. खुणा जुळल्यावर पुली आणि त्यांच्या शेजारच्या स्थिर भागावर पांढऱ्या रंगाने स्वतःच्याही खुणा कराव्यात आणि छायाचित्र काढून ठेवावे.

ताण सैल करताच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या दाबामुळे कॅमशाफ्ट झटक्याने थोडा फिरू शकतो. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याची छाती यामुळे धडधडते. पण कॅम हळूहळू परत आपल्या खुणेवर आणला आणि त्या वेळी क्रँक मुळीच हलवला नाही, तर नुकसान होत नाही. पट्टा निघाल्यावर कॅमशाफ्ट आणि क्रँकची सील तपासावीत; थोडाही ओलावा दिसल्यास बदलावीत. टेन्शनरची बेअरिंग हाताने फिरवून तिला खरखर आहे का ते पाहावे. याच भागात असलेला वॉटर पंपही याच वेळी बदलावा, कारण सहा महिन्यांनी तो गळू लागला तर एवढी सगळी उलथापालथ पुन्हा करावी लागते.

नवा पट्टा बसवताना टेन्शनरच्या विरुद्ध बाजूची लांबी पूर्ण ताठ राहील असे पाहावे आणि शेवटची ढील टेन्शनरच्या बाजूला यावी. दात ढकलण्यासाठी स्क्रूड्रायव्हर वापरू नये आणि पट्टा उलटा वाकवू किंवा पिळू नये. ताण दिल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून सगळ्या खुणा पुन्हा तपासाव्यात. मधेच कुठेही घट्ट अडकल्यासारखे जाणवले, तर जोर न लावता थांबावे, कारण तो अडथळा पिस्टनला टेकलेला व्हॉल्व्ह असू शकतो. हे काम स्वतः करण्याचा आत्मविश्वास नसल्यास हे इंजिन माहीत असलेला मेकॅनिक शोधावा आणि बाकीची सोपी कामे स्वतःकडे ठेवावीत. माझ्या शहरातल्या एका सर्वसाधारण गॅरेजने मला कॅमची झाकणे न उघडताच पट्टा बदलून दिला होता. घरी आणून पाहिले तेव्हा मागच्या रांगेचा कॅम एक दात मागे होता. गाडी सुरू होत होती, फक्त तिची ताकद कमी जाणवत होती आणि आवाज जड येत होता. त्या दिवसापासून मी बिलावर खुणा तपासल्याची नोंद मागतो.

कूलंट

ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि त्यात बसवलेले वेगळे लायनर (पिस्टन ज्यांत सरकतात ती नळकांडी), अशी रचना असलेल्या इंजिनात जुना, गंजरोधक गुण गमावलेला कूलंट आतून नुकसान करतो. दर दोन वर्षांनी तो पूर्ण काढावा, स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत धुवावे आणि मूळ प्रकाराशी जुळणारा कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून भरावा. वेगवेगळ्या प्रकारचे कूलंट एकमेकांत मिसळू नयेत. भरताना हीटरचे तापमान सर्वांत वर ठेवून हवा काढण्याच्या स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत थांबावे. घाईत केलेल्या भरणीत हवा अडकते आणि काटा अचानक वर जातो.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकणे हा या गाडीत वारंवार आढळणारा दोष आहे. थंड हवेत महामार्गावर काटा खाली पडतो, हीटर कोमट हवा देतो आणि पेट्रोल जास्त जळते. अनेक जण याला दोष समजत नाहीत, पण सतत थंड चालणाऱ्या इंजिनाची झीज वाढते. याउलट वाहतुकीत काटा चढत असेल, तर आधी रेडिएटरचा पंखा सुरू होतो का ते पाहावे आणि तो होत नसल्यास थर्मोस्विच, रिले आणि जोडणीच्या तारा या क्रमाने तपासणी करावी. तीस वर्षांचे रबरी होज हाताने दाबून पाहावेत. कडक, चिरलेले किंवा टोकाशी फुगलेले सगळे एकदमच बदलावेत.

इंधन आणि आगीचा धोका

हे काम मी टायमिंग बेल्टच्या बरोबरीने ठेवतो. फ्युएल इंजेक्शनच्या नळ्यांमध्ये पेट्रोल दाबाखाली असते आणि त्या गरम इंजिनावरून जातात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून इंजिनाजवळच्या आणि टाकीजवळच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या, उच्च दाबाच्या इंजेक्शनसाठी बनवलेल्या नळ्यांनी बदलाव्यात. कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठीची साधी नळी इथे चालत नाही. क्लॅम्पही नव्या प्रकारचे, कडा न कापणारे घ्यावेत. इंधनाचा फिल्टर याच वेळी बदलावा. काम मोकळ्या हवेत, बॅटरी सोडवून आणि अग्निशामक हाताशी ठेवून करावे. शक्यतो 5 टक्के इथेनॉलचे सुपर पेट्रोल वापरावे, विशेषतः गाडी हिवाळाभर उभी राहणार असेल तर.

ऑइल, प्लग आणि अडखळणारे इंजिन

ऑइल आणि फिल्टर वर्षातून एकदा बदलावेत, गाडी कमी फिरली तरी. 10W-40 किंवा 10W-50 या दर्जाचे चांगले ऑइल या इंजिनाला योग्य आहे. आधुनिक गाड्यांसाठीची अतिशय पातळ ऑइल टाळावीत. ऑइल गळतीची नेहमीची जागा म्हणजे कॅमच्या झाकणांची गॅस्केट. ती स्वस्त आहेत आणि पट्ट्याच्या कामात झाकणे उघडावीच लागत असल्याने तेव्हाच नवी टाकावीत. मागच्या रांगेवरून गळणारे ऑइल एक्झॉस्टवर पडून जळका वास येतो, आणि तो वास केबिनमध्ये पोहोचेपर्यंत बरेच ऑइल गेलेले असते.

गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला त्रास देत असेल, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना) अडखळत असेल किंवा काळा धूर टाकत असेल, तर महागडा कंट्रोल युनिट बदलण्याची घाई करू नये. इंधन आणि ठिणगी नियंत्रित करणाऱ्या बॉशच्या मोट्रॉनिक यंत्रणेला कूलंटचे तापमान सांगणारा छोटा सेन्सर चुकीचा आकडा देऊ लागला, की इंजिन थंडच आहे असे समजून ती जादा पेट्रोल देते. तो सेन्सर आणि त्याचा प्लग आधी तपासावा. नंतर हवा मोजणाऱ्या मीटरपासून थ्रॉटलपर्यंतच्या रबरी नळीच्या घड्यांमध्ये चीर आहे का, ते नळी हाताने ताणून पाहावे. ती चीर वरून दिसत नाही. आयडलचा व्हॉल्व्ह काजळीने चिकटतो आणि योग्य क्लीनरने धुतल्यावर बहुधा पुन्हा नीट चालतो. शेवटी इंजिन आणि बॉडीमधल्या अर्थिंगच्या तारा काढून, दोन्ही टोके चकचकीत घासून पुन्हा आवळाव्यात. या गाडीच्या निम्म्या विद्युत तक्रारी एवढ्याने मिटतात असे मला आढळले आहे.

स्पार्क प्लग बदलताना मागच्या रांगेपर्यंत हात पोहोचणे कठीण जाते, त्यामुळे घाईत ते तसेच सोडले जातात. तसे करू नये. हेड ॲल्युमिनियमचे असल्याने प्लग पहिले काही आटे फक्त बोटांनीच फिरवावा. पाना लावण्याआधीच तो जड जात असेल, तर तो तिरका बसला आहे. ट्विन स्पार्कमध्ये चार सिलिंडरना आठ प्लग असतात, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे.

एसी आणि हीटरच्या झडपा

164 ची स्वयंचलित वातानुकूलन यंत्रणा तिच्या काळात पुढारलेली होती, आणि आज तीच सर्वांत जास्त तक्रारींचे कारण आहे. हवा कुठून यावी आणि किती गरम असावी हे ठरवणाऱ्या झडपा छोट्या स्टेपर मोटर फिरवतात. प्रत्येक मोटरच्या शाफ्टवर एक पांढरे प्लास्टिकचे दातेरी चाक घट्ट दाबून बसवलेले आहे. वयानुसार हे प्लास्टिक आकसते, मध्यभागी उभी चीर पडते आणि चाक शाफ्टवर घसरू लागते. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डच्या मागून काही सेकंद टकटक ऐकू आली, किंवा काचेवर हवा मागितली असता ती पायांवरच येत राहिली, तर बहुधा हेच झालेले असते. पुष्कळ गॅरेजमध्ये या लक्षणांवरून पूर्ण कंट्रोल पॅनेल बदलण्याचा सल्ला मिळतो. तो आधी मान्य करू नये.

मधल्या कन्सोलच्या दोन्ही बाजूंची आच्छादने काढल्यावर हीटरच्या पेटीवर बसवलेल्या मोटर दिसतात. चावी फिरवून, हलकेच बोट टेकवून कोणती मोटर थरथरते पण झडप हलवत नाही ते ओळखावे. मग चावी बंद करून, प्लग आणि स्क्रू काढण्याआधी झडपेच्या दांड्याची जागा रंगाने खुणावावी. झडप हाताने पूर्ण फिरवून पाहणे आवश्यक आहे: ती स्वतःच जड झाली असेल, तर नवे चाकही लवकरच फुटेल, म्हणून आधी तिच्या खुंटीला सिलिकॉन ग्रीस द्यावे. फुटलेल्या चाकाच्या जागी धातूचे किंवा नव्याने बनवलेले चाक बसवता येते. जुने चाक गोंदाने चिकटवण्याचा उपाय मी करून पाहिला आहे. एका हिवाळ्यापुरता तो टिकला. एक मोटर उघडली की बाकीच्याही त्याच बैठकीत उघडाव्यात, कारण सगळी चाके सारख्याच वयाची आहेत. हे काम कटकटीचे असले, तरी महाग मुळीच नाही.

सस्पेन्शन आणि बॉडी

पुढच्या खालच्या आर्मचे बुश (सांध्यातले रबर) आणि बॉल जॉइंट, तसेच शॉकॲब्सॉर्बरच्या वरचे माउंट हे झिजणारे भाग आहेत. ब्रेक लावताना स्टिअरिंग एका बाजूला सरकणे किंवा खडबडीत रस्त्यावर पुढून ठोके येणे ही त्यांची लक्षणे आहेत, आणि ब्रिटनमध्ये दरवर्षीच्या एमओटी तपासणीत गाडी अडकते ती बहुधा इथेच. दोन्ही बाजू एकत्रच बदलाव्यात. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळलेल्या स्थितीत अडकते आणि काही महिन्यांत फाटते. मागचे बोल्ट गंजून बसलेले असतात. आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारे तेल मारत राहावे. ब्रेकचे तेल, डॉट 4 दर्जाचे, दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यामुळे 164 त्याआधीच्या अल्फांसारखी गंजत नाही, पण क्वाड्रिफोल्यो प्रकाराच्या रुंद प्लास्टिकच्या आच्छादनांमागे माती साचून सिल, म्हणजे दरवाजांखालचे पत्रे, आतून खाल्ले जातात. दोन-तीन वर्षांतून एकदा ती आच्छादने काढून धुवावीत, सुकू द्यावीत आणि मेण फवारून परत बसवावीत. पुढच्या काचेखालची पाणी वाहून जाण्याची भोके पानांनी तुंबली, तर पाणी पायांखालच्या गालिच्यात उतरते. दर शरद ऋतूत ती मोकळी करावीत.

सगळी मोठी कामे संपल्यावर पहिला प्रवास घराजवळच, 20-30 किलोमीटरचा करावा. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्यावे, कूलंटची पातळी पाहावी, क्लॅम्प पुन्हा आवळावेत आणि रात्री तोच पुठ्ठा गाडीखाली सरकवून ठेवावा. सकाळी तो कोरडा निघाला, तर वहीत तारीख, किलोमीटर आणि टाकलेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक लिहून पावत्या त्याच वहीत चिकटवाव्यात.